आपल्या पेठेत नसलेल्या कमानी

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवा भर सभेत तुम्ही मला हादरवलंत. आपल्या पेठेतल्या नव्या इमारती, ती काचेची बँक, तो मोबाइलवाल्याचा तीनमजली डबा, जुन्या पेठेला शोभाव्यात म्हणून सगळ्यांच्या दर्शनी बाजू एकसारख्या करायचं ठरलंय. यवतमाळहून आलेल्या इंजिनियरनं शाळेच्या कपाटात सापडलेला काळापांढरा फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला. रांगेनं कमानी, वर झरोके. "अशी होती तुमची पेठ," तो म्हणाला. सर, ती पेठ नव्हती. तो तुमचा पडदा होता, गॅदरिंगच्या नाटकासाठी तुम्ही रंगवलेला.

मी आठवीत आहे. चित्रकलेच्या वर्गात पडदा भिंतीला टांगलाय आणि मी एक कोपरा रंगवता रंगवता विचारतो, "सर, आपल्या पेठेत अशा कमानी कुठी हायेत?" तुम्ही मान न वळवता म्हणता, "मंग राजाले काय टिनाच्या शेडात बसवू? हातातलं काम पाह्य." मी दचकलो आणि माझ्या ब्रशातून रंगाचा एक ओघळ झरोक्याखाली उतरला, तो शेवटपर्यंत तसाच राहिला. इंजिनियरनं तोही नक्षी समजून फायबरमध्ये घडवून आणलाय, प्रत्येक दुकानाला एकेक. हसावं की रडावं, मला कळेना.

त्याहून मोठा धक्का दिला शेजारच्या कापडवाल्या शेठनं. म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "माहा आजा याच झरोक्यात बसे." सगळ्यांच्या माना डोलल्या. मग इंजिनियर माझ्याकडे वळला. "चाचा, तुमच्या दुकानाच्या त्या सागवानी फळ्या काढा लागन. बाकीच्या दुकानाइले सूट नाही होऊन राह्यल्या." अख्ख्या पेठेत खरोखर जुनं म्हणावं असं तेवढंच उरलंय, सर. अब्बा रोज सकाळी एकेक फळी उचलून दुकान उघडायचे, मीही तसंच उघडतो. आणि आता तेच जुन्यात बसत नाही म्हणे.

तोंड उघडलं असतं तर फळ्या वाचल्या असत्या. पण तुम्ही होतात तेव्हा ज्या गावानं तुमचं एक चित्र कधी भिंतीवर लावलं नाही, ते अख्खं गाव तुमच्या चित्राकडे डोळे भरून बघत बसलं होतं. ते मोडायला माझी जीभ रेटेना. "काढतो," म्हणालो.

सोमवारी सुतार येतोय. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते गल्ल्यातच राहील. अब्बांना असं पत्र लिहायची मात्र माझी हिंमत होत नाही.