मादाम पेलिसिए यांची जांभळी शाई

चि. आर्लेत हिस,

अनेक आशीर्वाद. (एकाहत्तर वर्षांच्या, दोनदा आजी झालेल्या बाईला चिरंजीव लिहिणं शोभत नाही, हे मला कळतं. पण माझ्या डोळ्यांसमोर तू अजून बारा वर्षांची आहेस, गुलाबी झग्यातली, तोही चुकीच्या पंधरवड्यात. त्या पंधरवड्यात मातकट बेज झग्यांची पाळी होती.) गुडघे कसे आहेत? जावयानं ती भयंकर मोटरसायकल विकली का? माझं म्हणशील तर कमरेचं हाड जुळलं, भूक लागते, आणि या वृद्धाश्रमातलं सूप आपल्या शाळेच्या, त्या मुलींच्या लिसेच्या, वसतिगृहातल्या सुपाचं सख्खं भावंड आहे. फक्त रविवार जाता जात नाही. ते पुढे लिहीनच.

रविवारावरूनच सगळं आठवलं. दुपारी एकला फाटकापाशी मुलींची रांग, निळ्या टोप्या, हातमोजे. गावातला स्थानिक पालक येणार, वहीत सही करणार, मगच मुलगी बाहेर. कुणाची आत्या यायची, कुणाचा औषधवाला मामा. तुझे वडील वर डोंगरात रेल्वेचं फाटक सांभाळायचे. शाळेच्या गावात, मोंब्रियाकमध्ये, त्यांना काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. म्हणून तू अभ्यासिकेत. आणि नियम असा, की एक मुलगी मागे राहिली तरी तिच्यावर नजर ठेवायला एक पर्यवेक्षिका हवीच. ती मी. वय बावीस, विद्यापीठाच्या लॅटिनच्या परीक्षेत दोनदा आपटलेली, वसतिगृहात पोरी सांभाळून शिकणारी. सहा रविवार आपण त्या रिकाम्या बाकांमध्ये समोरासमोर बसलो. तू खिडकीबाहेर बघायचीस. रडत नव्हतीस, तेच मला सहन होईना.

सातव्या रविवारी मी तुला एक पालकबाई रचून दिली. मादाम पेलिसिए, विधवा, तुझ्या आईची लांबची मावसबहीण, पायानं अधू. सबब मुलीला पर्यवेक्षिका शासान्य हिनं, म्हणजे मीच, घरी आणून सोडावं ही विनंती. (अधू पायाची कल्पना तुझी. एवढ्याशा पोरीला इतकं सफाईदार खोटं सुचावं, याची मला काळजीच वाटली होती.) चिठ्ठी मी डाव्या हातानं लिहिली. मुख्य पर्यवेक्षिका मादमोआझेल तिक्सिए, ज्यांच्या किल्ल्या जिन्यात वाजल्या की चाळीस मुली एकदम अभ्यासू व्हायच्या, त्यांनी ती दोनदा वाचली.

"अक्षर फारच गिचमिड आहे ग बाईंचं. हाताचंही काही दुखणं आहे का?"

"संधिवात," मी म्हटलं.

"अरेरे. बरं, ने पोरीला. पाचच्या आत परत. आणि हातमोजे घालायला सांग, नाहीतर ठेवेल गुंडाळून खिशात."

मग काय, नदीकाठ आपला, कोपऱ्यावरचं केकचं दुकान आपलं. पण आठवड्याच्या आत तिक्सिएबाईंना वाटलं, की पालकांना मुलीची प्रगती कळवायला हवी. पत्र माझ्याच हातात दिलं, 'जाशील तेव्हा दे' म्हणून. पहिल्या पत्रात तुझं बीजगणित होतं. दुसऱ्यात संधिवातावर कोबीच्या पानांचा शेक. तिसऱ्यापासून बीजगणित मागे पडलं आणि आलुबुखाराच्या मुरंब्याला साखर किती, वसतिगृहातली थंडी, हल्लीच्या पोरी, असं सगळं सुरू झालं. एकदा तर चक्क विचारलं, की आमच्याकडची शासान्य लॅटिनच्या शब्दकोशात कादंबरी लपवून वाचते, तिचं काय करावं? मादाम पेलिसिए यांनी कळवलं, की तरुण वय आहे, चालायचंच. उलट टपाली उत्तर आलं, 'आपण फार भोळ्या आहात.' दोन वर्षं दर गुरुवारच्या सुट्टीत मी डाव्या हातानं तिक्सिएबाईंना उत्तरं लिहिली. त्याच काळात माझा उजवा हात लॅटिनमध्ये तिसऱ्यांदा नापास झाला.

आणि मग तो मे महिन्यातला रविवार! बाई टोपी घालून, मुरंब्याची बरणी घेऊन फाटकात उभ्या. "चल, आज मीही येते. एवढा पत्रव्यवहार झाला, भेटायला नको?"

तू माझी बाही ओढून कुजबुजलीस, "मारून टाक ना तिला!" पण मादाम पेलिसिए वारल्या की वहीतलं त्यांचं नाव जाणार आणि तू परत अभ्यासिकेत, तिथे घोडं अडलं. पुलावर पोचल्यावर मी कशीबशी म्हणाले, "बाई, त्या गेल्या."

"गेल्या?"

"म्हणजे नीसला. भाचीकडे. कायमच्या."

तिक्सिएबाईंनी बरणी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "मला न कळवता गेल्या. असो. आता या पोरीची सही कोण करणार?" उत्तराची वाट न बघता "मीच करते," त्या म्हणाल्या, आणि बरणी तुझ्या हातात दिली.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही, ते सांगते. मी नोकरी सोडली तेव्हा बाईंनी मला एक पुडकं दिलं, माझ्याच पत्रांचं. पहिल्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलनं लिहिलं होतं: 'शाई आपली. कागद आपला. हात शासान्यचा, डावा. रविवार मंजूर.' आपली ती जांभळी शाई आठवते? शाळेचा शिपाई शाईच्या पुडीत इतकं पाणी घालायचा, की तसली फिकी शाई साऱ्या गावात कुठल्याच घरी नव्हती. म्हणजे बाईंना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, आणि तरी त्या दोन वर्षं लिहीत राहिल्या. त्यांना लिहायला दुसरं कुणी नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं. मला आजही त्याचं वाईट वाटतं. (तुला सांगितलं नाही, कारण मला माझ्या डाव्या हाताचा अभिमान होता.)

सगळ्यांना माझी आठवण सांग. उत्तर सवडीनं दिलंस तरी चालेल.

तुझी,
रेमोंद शासान्य

ता. क. हे सारं तुझ्यासाठी केलं असा सूर वर लागलाय खरा, पण त्या केकच्या दुकानात एक्लेअरमध्ये क्रीम भरणारा ल्युसियँ तुलाही आठवत असेल. तुला दर रविवारी दोन का मिळायचे, याचा कधी विचार केलास?

ता. क. २. उत्तर सवडीनं नको, लगेच दे. इथे नियम असा, की पडून हाड मोडलेल्यांना रविवारी बाहेर सोडत नाहीत; बाहेरच्या कुणी येऊन सही केली तरच. अर्जावर मी तुझं नाव घातलंय, सहीसुद्धा केलीय, डाव्या हातानं. संचालिका पोरसवदा आहे, तिला शाईतलं काही कळत नाही, पण ती फोन करते. केला तर सांग, माझ्या मावसबहिणीची मुलगी आहेस म्हणून. एक वाजता खिडकीत बसलेली असेन, हातमोजे घालून. ये ग. सहा रविवार झाले.