हिरवळीखालचं मीठ

३ नोव्हेंबर, बसवकल्याण

आज रुजू झाले. ठाणाकुशनूरच्या स्टँडपर्यंत अप्पा आले होते. कंडक्टरला उगाच सांगत होते, आमची अंजू बागेची साहेबीण झाली म्हणून. मला संकोच वाटला आणि आवडलंही. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. उद्यानविद्या म्हणजे काय ते आईला अजून नीट कळलेलं नाही. शेजारणींना ती 'झाडाची डाक्टरीण' असं सांगते.

मालक श्रीनिवासराव निवृत्त इंजिनिअर आहेत. मंठाळच्या रस्त्याला, माळावर, त्यांनी लग्नाचं लॉन बांधलंय. कमान, स्टेज, मोठं स्वयंपाकघर आणि मधोमध हिरवळ. डिसेंबरात इथलं पहिलं लग्न लागायचं ते त्यांच्याच मुलीचं, हर्षिताचं. पावसाळ्यात कुणी कंत्राटदार गवत अंथरून गेला, पण ते काही नीट धरलं नाही. कुठं खड्डा, कुठं उंचवटा, मधेच जळल्यासारखे गोल पिवळे डाग. मला मात्र बरं वाटलं. पहिल्याच दिवशी रोगी मिळाला. मला राहायला मागची खोली दिली आहे. दार उघडलं की समोर हिरवळच.

५ नोव्हेंबर

खुंट्या ठोकून दोरी ताणली आणि उतार काढला. पाणी सोडणारे तिप्पण्णा बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "अक्का, जे गवत ढोरानं खायचं न्हाई, ते कामून पोसायलाव?" मी हसले. लग्नातली माणसं बघतील म्हटलं. त्यावर, "मग माणसालाच चारा की," म्हणाले.

गवतातून जागोजागी तांबड्या दगडांची डोकी वर आली होती. इथली जमीन काळी. असा दगड बिदरकडचा, कुणीतरी वाहून आणलेला. बांधकामातून उरला असेल असं मी धरलं. पहार लावून सगळे उपटले, चुना फासला आणि गुलाबाच्या वाफ्याला कड केली. फार छान दिसतेय. फोटो काढून अप्पांना पाठवला.

९ नोव्हेंबर

खड्ड्यांत चाळलेली माती, वाळू आणि शेणखत भरून दाबून घेते. दोन दिवस जात नाहीत तोच जागा पुन्हा खचते. भराव बसायला वेळ लागतो हे खरं. पण सगळे खड्डे एकाच आकाराचे आहेत, परातीएवढे. ते मला कळत नाही.

कुंपणाबाहेर एक बाई येऊन उभी राहते. मंठाळच्या नागूबाई, माझ्या आईच्या वयाच्या. हातात हळदकुंकवाची पुडी असते. आत येऊ द्या म्हणाल्या. मला वाटलं काम मागायला आल्या असतील. भांड्यांचं काम लग्नात निघेल, तेव्हा या, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भांडी घासायला न्हाई आले बाई मी." आणि निघून गेल्या. माझं बोलणं मलाच उद्धट वाटलं.

१३ नोव्हेंबर

पिवळ्या डागांची माती तपासली. क्षार भयंकर, पण फक्त डागांपुरते. हातभर अंतरावर माती चांगली आहे. पाणी खारट असतं तर सगळीकडेच दिसायला हवं होतं.

म्हणून एक डाग उकरला. कोपरभर खोलीवर खडेमीठ लागलं. ओलसर, राखाडी, मातीत कालवलेलं. त्याखाली कापडाची चिंधी होती, झबल्याच्या बंदासारखी.

मी लगेच माती लोटली.

मला ठाऊक आहे हे काय आहे. मी चौथीत असताना आईला बाळ झालं होतं, दोन दिवस राहिलं. लहान लेकराला आमच्याकडं जाळत नाहीत, मीठ घालून पुरतात. अप्पा त्याला टॉवेलात घेऊन गेले, आणि जाताना घरातलं सगळं मीठ घेऊन गेले. त्या संध्याकाळचं वरण अळणी होतं. वर दगड ठेवतात, बाभळीची काटेरी फांदी टाकतात, कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून.

ते दगड मी काढलेत. चुना लावून गुलाबाला कड केलीय.

१४ नोव्हेंबर

श्रीनिवासराव साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत, चहा मागवला. म्हणाले, कुठल्या माळात काय नसतं? तू शिकलेली आहेस म्हणून तुला दिसलं. आता शिकलेल्यासारखंच वाग. हर्षिताच्या कानावर जाता कामा नये. मग म्हणाले, हे काम झालं की गुलबर्ग्याच्या मित्राच्या फार्महाऊसवर तुझं नाव सांगतो.

मी हो म्हटलं. विचार न करताच हो म्हटलं, याचीच जास्त लाज वाटते.

१९ नोव्हेंबर

वाफ्यासारखे आडवे बांध घालून पाणी तुंबवलं. असं केलं की मीठ विरघळून खाली उतरतं. पुस्तकातला उपाय आहे, लागूही पडला. डाग हिरवे होताहेत. तिप्पण्णांनी मान डोलावली. अप्पांचा फोन आला होता, फोटो त्यांनी गावभर दाखवलाय. मी चुन्याची कड दिसू नये असा कोन धरून नवा फोटो काढला.

२३ नोव्हेंबर

खड्डे भरून आले. मी भरलेले नाहीत.

भरून थांबलेही नाहीत. त्याच जागी आता उंचवटे आलेत, नारळाएवढे. घूस असेल म्हणून बीळ शोधलं, एकही नाही. साहेब म्हणाले, रोलर फिरव. परवा तिप्पण्णांनी आणि मी ओढला. उंचवट्यावरून जाताना रोलर अडायला हवा, माती फुटायला हवी. तसं झालं नाही. मऊ लागलं. दबलं आणि मागं पुन्हा हळूच वर आलं.

तिप्पण्णा दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. मी एकटीच ओढते.

२६ नोव्हेंबर

नागूबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचं पहिलं लेकरू इथं आहे. बाईमाणसाला न्यायची रीत नाही, म्हणून त्यांनी जागा पाहिलेली नाही. "ह्येंनी सांगितलं हुतं, दोन तांबड्या दगडांच्या मधी. ह्ये गेले. आता सांगणारं कुणी न्हाई. तुमी शिकलेल्या, तुमी एवढं बघा की." लांबून हात जोडायचे होते, एवढंच.

मी म्हटलं, इथं असं काही नव्हतं. माती मी स्वतः तपासली आहे.

शिकलेल्या माणसाचं म्हणून त्यांनी ते खरं मानलं. मला म्हणाल्या, मग माजंच चुकलं असंल, बाई.

३० नोव्हेंबर

थंडी पडलीय. सकाळी सगळ्या गवतावर दव असतं, उंचवट्यांवर नसतं. हात ठेवून पाहिला. कोमट लागतं.

आणि उडतं. तान्ह्या बाळाची टाळू उडते तसं, हाताखाली, हलकं. आईनं शेजारच्या बाळाच्या टाळूवर तेल घालायला शिकवलं होतं. म्हणाली होती, तिथं दाबू नको, तिथं हाड नसतं.

मी रोलर फिरवलाय. रोज.

४ डिसेंबर

हर्षिता आली होती. चप्पल काढून हिरवळभर हिंडली. किती मऊ, म्हणाली, आणि ऊबसुद्धा आहे. मला मिठी मारली. साहेब लांबून बघत होते. मी हसले —

उंचवटे आता खोलीच्या बाजूला जास्त आहेत. आधी तिकडं नव्हते.

७ डिसेंबर

रोलर थांबवला. साहेब म्हणाले, पाहुणे ठेचकाळतील. मी कारण दिलं नाही. त्यांनी माणसं लावून फिरवून घेतला. मी दार लावून बसले. रोलरखालून काही आवाज येत नव्हता. यायला हवा होता, इतकं सगळं —

अप्पांना फोन लावला. आपल्या बाळाला कुठं ठेवलंय, विचारायचं होतं. त्यांनी आधीच सुरू केलं, पोरीनं नाव काढलं — मी ठेवून दिला.

१० डिसेंबर

उंबऱ्याला लागून एक. फरशी उचललीय.

उद्या सकाळी हळद आहे. नागूबाईंना निरोप धाडला, या म्हणून. खोटं बोलले होते हेही कळवलं. साहेबांना विचारलं नाही. नोकरी जाईल. जाऊ दे. एकीला तरी तिचं —

११ डिसेंबर, सकाळ

हिरवळीवर बसून लिहितेय. नागूबाई आल्या. चपला कमानीबाहेर काढल्या. एवढंच विचारलं, "माजं कंचं?"

सगळं सारखं आहे. मीच केलंय, दोरी लावून —

त्या एकेकापाशी वाकताहेत. हळद लावतात, हात फिरवतात, पुढं जातात. कुणालाच वगळत नाहीत —

डावा हात टेकला होता. गवतातून काहीतरी बोटाभोवती आलं. मुळी नाही. कोमट आहे. मूठ — ओढत नाही. तान्हं धरतं तसं, नुसतं धरून —

करंगळीलाही. ही वेगळी मूठ —

नागूबाई म्हणताहेत, उठा की बाई, काय झालं. उठता येईल. पण उठले तर ते रडायला लागेल असं —

मांडवात हर्षिताला बोलावताहेत. ती इकडूनच येतेय, अनवाणी. थांब म्हणायला हवं. एवढंच. पण सगळे बघताहेत, साहेब बघताहेत, माझं तोंड उघडतच —

तिनं उंचवट्यावर पाय —