चंचल झोपत नाही

७ ऑगस्ट १९९७, गुरुवार
तिसरी रात्र — चंचलच्या डोळ्याला डोळा नाही. सव्वा महिना परवाच पुरा झाला, बाळंतीण आहे, थकली असेल, म्हणून गप्प होतो. आज भाकरी थापता थापता म्हणते, भिंत माझ्याशी बोलते. मी हसलो. बायको असं बोलते आणि मी हसतो!

८ ऑगस्ट
गल्लीतल्या डॉक्टरने सलाईन लावली. म्हणे कमजोरी.

१० ऑगस्ट, रविवार
शेजारी कानबाई बसली. खान्देशातून सुरतेला आलो तशी ही देवीही आमच्याबरोबर इथे लिंबायतच्या वस्तीत आली. संध्याकाळच्या आरतीला चंचल केस मोकळे सोडून घुमायला लागली. "देवी आयेल शे!" — सगळ्यांत आधी माझी आई ओरडली. बायका कुंकू लावून रांगेने पाया पडल्या. कुणी पोराच्या नोकरीचं विचारलं, कुणी जावयाची दारू सोडवून मागितली.

मीही पडलो पाया. देवी आई, तुला काय पाहिजे, असं आपल्याच बायकोला विचारलं. ती वाकून कानाशी म्हणाली, "माले दवाखानामा लई चला." दवाखान्यात न्या म्हणते, असं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, देवी परीक्षा पाहते. आणि मी — दहावी पास, रोज पेपर वाचणारा शहाणा — ऐकून घेतलं! लिहितानाही लाज वाटते.

११ ऑगस्ट, सोमवार
विसर्जनाला निघताना चंचलने बाळ ओटीत घेतलं. म्हणाली, कानबाईसोबत यालाही तापीत सोडायचं. बायकांनी हात जोडले. हात जोडले! मी बाळ हिसकावलं. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली.

समोरच्या उषाबाई सरकारी दवाखान्यात आया आहेत. धावत आल्या. "हे अंगात येणं नाही! बाळंतिणीचं डोकं असं फिरतं, मी वॉर्डात पाहिलंय. आत्ताच्या आत्ता चला, कुठं न्यायचं मी दाखवते." त्यांनीच रिक्षा थांबवली. आई रिक्षासमोर आडवी — देवीला वेड्यात काढतोस? तिला दंडाला धरून बाजूला ओढलं. जन्मात पहिल्यांदा आईशी असा वागलो.

डॉक्टरांनी विचारलं, "केटला दिवसथी ऊंघी नथी?" सहा रात्री झोप नाही, सांगितलं. हा आजार आहे, बरा होतो, म्हणाले. आज आणलं नसतं तर — एवढं बोलून बाळाकडे बघितलं.

१४ ऑगस्ट
चंचल झोपली. सलग नऊ तास. मी बाहेरच्या बाकावर बसून पोटभर रडलो.

१९ ऑगस्ट
आई आज पहिल्यांदा डबा घेऊन दवाखान्यात आली. चंचलने विचारलं, बाळ नीट दूध पितं ना? अगदी नेहमीसारखं. ते ऐकून आई दारातच बसली.

मग बाहेर नेऊन मला सांगितलं. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. ती महिन्याची असताना आईच्या अंगात आलं आणि आईने स्वतःच्या हाताने तिला विहिरीत सोडलं. देवीने नेली म्हणून गावाने आईची ओटी भरली.

"हिलाल," म्हणाली, "तवय बी ती देवी नही व्हती का रे?"