रनिंगमधला माग

मंगळवार, संध्याकाळ

शब्दकोशात ‘रन’ काढला. मला फक्त पळणं ठाऊक होतं. तिथे पानभर अर्थ आहेत. नळ वाहतो ते रन, साडीचा रंग उतरतो तेही रन. यंत्र चालवणं, घर चालवणं, दोन्हीला हाच शब्द. आणि मला घर चालवायला माग विकावा लागतोय.

दुपारी शनवारा मोहल्ल्यातलं गिऱ्हाईक माग बघायला आलं. “भाभी, मशीन रनिंग में है ना?” हे गेल्यापासून मी मागाच्या बटणाला हात लावला नव्हता. आज दाबलं. खटखट सुरू झाली आणि आतून सासूबाईंनी हाक मारली, “सुभाष आला का गं? चहा टाक त्याला!” त्यांना काही आठवत नाही. मुलगा गेल्याचं रोज नव्याने सांगावं लागतं. आज नाही सांगितलं. चहा टाकला.

सौदा झाला. ती खटखट ऐकून सासूबाई किती दिवसांनी पोटभर जेवल्या. मघाशी विचारत होत्या, “सकाळी लवकर बसेल ना तो मागावर?”

“हो, बसतील,” म्हटलं. का म्हटलं?

सकाळी माग जाईल. खटखट नसेल. मग सांगावंच लागेल, आणि त्या पहिल्यांदा ऐकल्यासारख्या रडतील.