सालींची खुर्ची आणि मामांचा शिक्का

तीर्थरूप मामांस,

नमस्कार. (साष्टांगच समजा, तोंड वर करायची सोय उरलेली नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीची कंबर? कंबरेची चौकशी या वेळी रीतीपुरती नाही, पण ते मागाहून. मी खुशाल आहे, म्हणजे अंगाने. मनाने पार ओशाळलो आहे.

गुडघ्यामुळे तुम्ही घरी बसलात आणि सुतारखान्याची किल्ली माझ्याकडे देऊन म्हणालात, शाळेच्या मोठ्या बाईंची खुर्ची तेवढी करून दे, लाकूड कापून ठेवलंय. लाकूड जसंच्या तसं आहे, मामा. माझ्याच डोक्यात किडा वळवळला. (टाकाऊपासून टिकाऊचा तो कोर्स केल्यापासून मला काही टाकवतच नाही. बायको म्हणते, घरात आता माणसांनाच जागा नाही.) समोरच्या रसवाल्याच्या संत्र्याच्या साली, चहावाल्याचा चोथा, बेकरीतला शिळा पाव आणि गिरणीतला कोंडा एकत्र शिजवला, साच्यात दाबून वाळवला, आणि काय सांगू, अशी गुळगुळीत फळी निघाली की मीच तिच्यावरून हात फिरवत बसलो. तिची खुर्ची केली. वासही छान यायचा. आणि मग, इथे माझी लेखणी अडखळते, तुमचा लोखंडी शिक्का तापवून तिच्या पाठीवर उमटवला. तुम्ही तो स्वतः बसून बघितल्याशिवाय कधी मारत नाही, हे मला ठाऊक होतं. मी बसलो नाही. वाटलं, आत्ताच बसलो तर चकाकी जाईल.

शाळेत खुर्ची देताना मी छोटंसं भाषणही ठोकलं (कोणी मागितलं नव्हतं). ही जुनी झाली की फेकायची नाही, गुरांना खायला घालायची, वगैरे. त्यावर शिपाई म्हणाला की आम्हाला फक्त बसायचंय. बाई हसल्या आणि बसल्या. फरशी नुकतीच पुसलेली होती. सालींनी पाणी पिऊन घेतलं, आणि बाई दाखल्यांवर सह्या करता करता सावकाश, अगदी आब राखून, जमिनीला टेकल्या. लागलं फारसं नाही. मी उठवायला धावलो तर त्यांनी माझा हात घेतला नाही.

"मामांचा शिक्का बघितला म्हणून बसले रे," एवढंच बोलल्या.

मामा, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. आयुष्यभर जपलेलं तुमचं नाव मी एका सकाळी चोथ्यात घातलं. मला खरंच फार लाज वाटते.

मामीला नमस्कार. धाकट्यांना काही सांगू नका.

तुमचा नालायक भाचा

ता. क. बाईंना तुमच्याच हातची खुर्ची हवी आहे. गुडघा बरा झाला की याल का? रंधा मी मारेन, शिक्का तुम्ही मारा. आता मी त्याला हात लावणार नाही.

ता. क. २. मामीला वरच्या फळीवरचे डबे काढायला म्हणून मी जे स्टूल पाठवलं, ते त्याच घाण्यातलं आहे. मामी ओट्याखालची फरशी रोज पुसते ना? तिला हाक मारून आधी खाली उतरवा, मग कारण सांगा. शिक्का त्याच्यावरही आहे, खालच्या अंगाला. चढण्याआधी तिने तो नक्की बघितला असेल.