हार घातलेला फोटो

मंगळवार, संध्याकाळ

नाना गेले. दुपारी धायरीहून वहिनींनी स्वतःच फोनवर सांगितलं. जन्मभर पडद्यावर कुणाचे तरी वडील. एका चित्रपटात मुलगा घर सोडून निघतो आणि नाना बशीतल्या चहावर नुसती फुंकर घालत बसतात. हीरो काय बोलला, ते आज कुणालाही आठवत नाही.

हे सगळं उद्याच्या अंकासाठी श्रद्धांजलीच्या लेखात लिहिलं. मग हिंजवडीच्या फ्लॅटांची जाहिरात आली, लेख अर्धा झाला. तेही सोसलं. पण फोटो? उपसंपादकाने दुसऱ्याच एका चित्रपटातला काढला. भिंतीवरचे दिवंगत वडील, हारासकट.

"हार आयताच आहे, सर. सोय झाली!"

वर हसला. किळस आली.

वहिनींनी दुपारी फोनवरच बजावलं होतं, "अहो, तो हाराचा फोटो तेवढा नको. शूटिंगनंतर ह्यांना भेट मिळाला होता, मी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही."

संपादकांना सांगितलं. म्हणाले, "पान छपाईला गेलं. आणि वाचकांना काय कळतंय?"

वाचकांना! आणि वहिनींना?

उद्या सकाळी माणसं भेटायला जातील, अंक हातात घेऊन. कुणीतरी भाबडेपणाने तो फोटो कापून, चौकटीत बसवूनही नेईल.