मानवलं नाही, असं मी सांगितलं

प्रिय खारूताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी ते वर आणून दिलं आणि 'लेकीचं दिसतंय, जाडजूड आहे' असं म्हणून तिथेच बसल्या. त्यांना चहा करून दिला, पण पाकीट त्या गेल्यावरच फोडलं. पाच वर्षांनी तुझं अक्षर बघणार होतो. ते कुणाच्या देखत बघायचं नव्हतं. माझं अक्षर मात्र मोठं आणि वाकडं आलंय, ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात, त्याला हसू नकोस. जाड काळं पेन घेऊन बसलोय. रोज थोडं थोडं लिहितो.

तू किती काय काय लिहिलंयस. खोलीला पिवळा रंग दिला, आईचा गुडघा दुखतो पण ती कबूल करत नाही, दवाखाना आता दोन खाटांवरून सहा खाटांचा झाला. भांडणाबद्दल एक अक्षर नाही. आणि शेवटी लिहिलंयस, 'बाबा, आमचं गाव तुला मानवत नाही हे माहीत आहे. पण चार दिवस मानवून घे आणि ये.' ते वाचून मला हसू आलं. मग पत्राची घडी करून उशीखाली ठेवलं आणि कामाला लागलो, पण काम काही होईना.

त्या मानवण्याबद्दलच लिहायचं आहे. तू तेव्हा सात वर्षांची होतीस, तुला त्यातलं अर्धंमुर्धंच आठवत असेल. आई इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. एका मजल्यावर साठ पेशंट, नाव पाठ होईपर्यंत माणूस घरी गेलेला असायचा. उत्तरेकडच्या त्या राज्यात, एका खेड्यातल्या दवाखान्याला नर्स हवी आहे, ही जाहिरात तिने कापून फ्रिजवर चिकटवली आणि आठवडाभर त्यावर चकार शब्द काढला नाही. तुझ्या आईचा हट्ट असाच, गप्प राहून केलेला. मी पडलो लिफ्ट दुरुस्त करणारा. त्या अख्ख्या जिल्ह्यात दुमजलीच्या वर इमारत नव्हती. मी म्हणालो, तिथे वर जायचं म्हणजे एकदाच जायचं, आणि त्याला लिफ्ट लागत नाही. आई पोट धरून हसली आणि तिथेच आमचं ठरलं. ठरलं म्हणजे एवढंच की एक हिवाळा राहून बघायचं, आणि मार्चअखेर तिघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आपापलं मत द्यायचं. तुझंही मत धरायचं, हे तूच आम्हाला ठणकावून सांगितलं होतंस.

आता जे लिहितो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला ते गाव मानवलं होतं. नुसतं मानवलं नव्हतं, मी तिथे सुखी होतो. पहिले पंधरा दिवस माझी फजिती झाली हे खरं. लोखंडी शेगडी पेटवताना घरभर धूर केला, लाकडं फोडताना कुऱ्हाडीचा दांडा मोडला, आणि शेजारचा लाकूडवाला कुंपणाला टेकून हे सगळं असं बघत उभा राहायचा, जणू त्याने तिकीटच काढलं होतं. पण नोव्हेंबरात धान्याच्या कोठारातला पोती वर चढवणारा पट्टा बंद पडला. मी तो दीड दिवसात चालू करून दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव मला 'वर-खालीवाले' म्हणून ओळखायला लागलं. कुणी पंप घेऊन यायचं, कुणी दळणाच्या गिरणीपाशी न्यायचं. वीस वर्षं मी इमारतींच्या पोटात, दोन भिंतींच्या फटीत उभा राहून काम केलं होतं. तिथे पहिल्यांदा हात काळे करून बाहेर आलो की समोर नुसतं आभाळ असायचं. आणि तुझी आई! ती संध्याकाळी घरी यायची तेव्हा दारातूनच बोलायला सुरुवात करायची. कुणाचा ताप उतरला, कोण औषध न घेता थापा मारतं. बारा वर्षांच्या संसारात मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

तुझी शाळा वीस किलोमीटरवर होती. आई दवाखान्याच्या गाडीने गावोगाव फिरायची, म्हणून आपल्या जुन्या गाडीने तुला नेणं-आणणं माझ्याकडे होतं. डिसेंबरात तिकडे दुपारी चारलाच उजेड विझायला लागतो. त्या दिवसांत मी उंबऱ्याशी ठेवलेल्या बादलीला रोज अडखळायचो. टेबलावरचा पाण्याचा पेला हाताने उडवायचो. आई म्हणायची, बघून चाल, माणसा. मला वाटायचं, थंडीने अंग आखडलंय. शहरात हे कधीच लक्षात आलं नव्हतं, कारण माझ्या कामात दिवा कपाळाला बांधलेला असतो. जिथे बघू तिथेच उजेड. कडेला काय आहे, हे बघायची गरजच पडत नाही.

जानेवारीतली ती दुपार तुला आठवते का, मला माहीत नाही. मी ती रोज आठवतो. शाळेतून परत येत होतो, तू मागे बसून सातचा पाढा म्हणत होतीस आणि सात आठे पाशी अडली होतीस. मी पुढचं सांगणार इतक्यात तू ओरडलीस, "बाबा, बाई आहेत!" मी करकचून ब्रेक मारला. तुझ्या शाळेतल्या बाई, रस्त्याच्या कडेने सायकल हातात धरून चालल्या होत्या. त्या सायकलसकट खड्ड्यात उतरल्या म्हणून वाचल्या. खरचटलंसुद्धा नाही. कपडे झटकत वर आल्या आणि म्हणाल्या, या वेळेला उजेडच असा फसवा असतो. मी मान हलवली. पण पोरी, उजेड फसवा नव्हता. रस्ता सरळ होता, बाईंच्या अंगात लाल कोट होता, तुला तो मागच्या सीटवरून दिसला. मला त्या बाई अजिबात दिसल्या नव्हत्या. तिथे नुसता रस्ता होता.

पुढच्या आठवड्यात, कंपनीचे कागद राहिलेत, असं आईला सांगून मी शहरात आलो आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला एका यंत्रात डोकं घालून बसवलं, बारीक ठिणग्या दिसल्या की बटण दाबा म्हणाल्या. मी दाबत होतो. मधेच बराच वेळ काहीच दिसेना, तेव्हा मला वाटलं यंत्र बंद पडलं. ते चालूच होतं. मग त्यांनी कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या आत एक लहान काढलं, आणि म्हणाल्या की आज तुम्हाला एवढंच दिसतं. हे आणखी लहान होत जाणार. याला औषध नाही. आजपासून गाडी चालवायची नाही.

बसमधून परत येताना मी हिशेब मांडत होतो. त्या गावात गाडी न चालवणारा माणूस म्हणजे कुणीतरी उचलून न्यायचं पोतं. शाळा, दुकान, कोठार, सगळं दहा-वीस किलोमीटरवर. आईला सांगितलं असतं, तर तिने त्याच दिवशी दवाखान्याला राजीनामा दिला असता. ती एक शब्द बोलली नसती, निमूटपणे सामान बांधलं असतं आणि त्याच साठ पेशंटांच्या मजल्यावर परत येऊन, घरी आल्यावर एकसष्टावा पेशंट सांभाळला असता. मी तिला दारातूनच बोलायला लागलेली पाहिली होती. ते बोलणं माझ्यामुळे थांबलेलं मला बघवलं नसतं. मी स्वतःला फार थोर समजत होतो, खारूताई. आता कळतं, त्यात निम्मी भीतीच होती. तिने माझा हात धरून मला रस्ता ओलांडून न्यावं, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

तोवर मी गाडी बिघडल्याचं सोंग केलं आणि तुला लाकूडवाल्याच्या गाडीतून शाळेत धाडलं. मार्च संपला आणि आपण टेबलाशी बसलो. तू हात वर करून हो म्हणालीस. आई हो म्हणाली. मी म्हणालो, "मला नाही मानवत इथे." थंडीचं सांगितलं, कामाचं सांगितलं, लिफ्टची आठवण येते असंसुद्धा सांगितलं. आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "आम्हाला तर तू मानवला होतास." मग उठून तिने तुझी उद्याची वह्या-पुस्तकं भरायला घेतली. मी निघालो त्या सकाळी तू लाकडांच्या खोपटात जाऊन बसलीस, बाहेर आलीच नाहीस. लाकूडवाल्याने मला बसथांब्यापर्यंत सोडलं. मी बसमध्ये चढताना माझी बॅग वर देत तो म्हणाला, पट्टा परत बंद पडला तर आम्ही काय करायचं?

पुढचं तुला ठाऊक आहे. सुट्टीत तू यायचीस, दरवर्षी एक-एक दिवस कमी राहायचीस. कंपनीने मला परत घेतलं, पण पुढे लिफ्टच्या कामावरून काढून सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. तुला सांगितलं की बढती मिळाली. तू एकोणीस वर्षांची असताना याच खोलीत उभी राहून म्हणालीस, तुला लिफ्ट हव्या होत्या, आम्ही नको होतो. तू जिना उतरून गेलीस आणि मी खिडकीत उभा राहिलो, पण तू रस्त्याच्या कुठल्या बाजूने गेलीस ते मला सापडलंच नाही. आता तर माझ्यापुरतं जग एखाद्या नळीतून बघावं इतकंच उरलंय. तुझं पत्रही मी तसंच वाचलं, एका वेळी दोन-तीन शब्द.

हे सगळं मी माझ्याबरोबर घेऊन गेलो असतो, तुझ्या रागासकट. तुझं पत्र आलं, त्यात तू मला माफ केलं होतंस. ते तसंच जपून ठेवून गप्प बसावं, असा मोह मला दोन दिवस झाला. पण तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस की एक तारखेपासून तू दवाखान्याची अँब्युलन्स चालवणार आहेस. आणि त्याखाली गमतीने लिहिलंयस की हल्ली तुझा वेंधळेपणा वाढलाय, तिन्हीसांजेला गाडी आत घेताना फाटकाच्या खांबाला घासलीस, आणि वाटेतलं वासरू थेट दिव्यासमोर आल्यावर दिसलं. 'तुझ्यावर गेलेय' असं लिहिलंयस. सतरा वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी मला आणखी एक वाक्य सांगितलं होतं. हे रक्तातून येतं, म्हणाल्या, मुलीत उतरलंच असेल असं नाही, पण तिचे डोळे नीट तपासून घ्या आणि दर काही वर्षांनी तपासत राहा. ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं की सगळंच सांगावं लागलं असतं. तू सुट्टीला आलीस तेव्हा दोनदा तुला चष्म्याच्या दुकानात नेलं. तू तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचलीस आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या तक्त्यावर समोरचं कळतं, कडेचं कळत नाही, हे मला माहीत होतं. तरी टाकला. माझा जुना रिपोर्ट सोबत जोडलाय, त्यावर आजाराचं नाव आहे. तो आणि हे पत्र आधी आईला दाखव, ती काय करायचं ते जाणते. कदाचित तुझ्या डोळ्यांना काहीच झालेलं नसेल, तू नुसतीच माझ्यासारखी वेंधळी असशील. मी रोज तेच मागतोय. पण तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावू नकोस. मी पुढच्या शुक्रवारच्या बसने निघतोय. तुझ्याबरोबर त्या यंत्रापाशी बसायला येतोय, नंतर तुम्ही दोघी ठेवाल तितके दिवस राहीन. मला न्यायला बसथांब्यावर आईला पाठव. तू चालत आलीस तरी चालेल, पण गाडी काढू नकोस.

तुझाच,
बाबा